काटा वर चढतच नाही: एका जुन्या डिझेल गाडीच्या कोमट हीटरचं प्रकरण

गाडी २००६ सालची, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, दोन लाखांहून जास्त किलोमीटर झालेले. मुक्काम निफाड तालुक्यात. निफाडची थंडी महाराष्ट्राला नवी नाही, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. तक्रार साधी होती. हीटर पूर्ण लाल खुणेवर, पंखा तिसऱ्या नंबरवर, गाडी अर्धा तास चाललेली, तरी डॅशबोर्डच्या जाळीतून येणारी हवा जेमतेम कोमट. पहाटे लासलगावला जाताना समोरची काच पुसायला डॅशबोर्डवर फडकं ठेवावं लागे. गावातल्या गावात हे चाललं असतं. पण जानेवारीत हीच गाडी शिमला, रामपूर, नाको, ताबो मार्गे काझ्याला न्यायची होती, आणि तिथे रात्री पारा उणे वीसपर्यंत जाऊ शकतो. तिथे कोमट हीटर म्हणजे आतून गोठलेली काच आणि रस्ता न दिसणं.

दोन गॅरेजांत एकच निदान मिळालं होतं: हीटर कॉइल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवसांचं काम. डॅशबोर्ड उतरवावा लागला नाही. बिघाड एक नव्हता, चार होते. त्यांतला सगळ्यात मोठा हीटरपासून चांगला हातभर लांब, इंजिनाच्या पुढच्या बाजूला होता.

आधी मोजमाप

गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनातून फिरून तापलेलं पाणी, म्हणजे कूलंट, दोन होस पाइपांतून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) आत जातं आणि छोट्या रेडिएटरसारख्या जाळीतून फिरून परत येतं. या जाळीलाच गॅरेजमध्ये हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो. त्यामुळे हवा थंड येत असेल तर तीनच शक्यता उरतात. पाणी मुळात पुरेसं तापत नाही, किंवा तापलेलं पाणी कॉइलमधून वाहत नाही, किंवा कॉइल गरम असूनही हवा तिच्यावरून नीट जात नाही. यातलं काय चाललंय ते एकही बोल्ट न सोडता कळतं. त्यासाठी लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो.

हे यंत्र चकचकीत धातूवर खोटं बोलतं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर ८० असताना ते ४५ दाखवू शकतं. म्हणून मोजायचं ते काळ्या रबरी होसवर. धातूवर मोजायचंच असेल तर आधी तिथे कागदी मास्किंग टेप चिकटवायची. जाळीतून येणाऱ्या हवेसाठी मात्र साधा काडीचा थर्मामीटर जाळीत खोचून ठेवलेला बरा.

बाहेर ४ अंश असताना गाडी वीस किलोमीटर चालवली. हीटर पूर्ण गरम, ब्लोअर दोनवर, हवा बाहेरून घेणारी. थांबल्याबरोबर, इंजिन चालू ठेवून, हे आकडे आले:

रेडिएटरची वरची होस: ५२ अंश
हीटरची आत जाणारी होस: ५०
हीटरची बाहेर येणारी होस: २४
जाळीतली हवा: १७

तापमानाच्या मीटरवरचा काटा पाव खुणेच्याही खाली होता. मालकाच्या मते हे चांगलं लक्षण होतं, इंजिन अजिबात तापत नाही म्हणून. बऱ्याच जणांचा हाच समज असतो. पण ५२ अंशांवर चालणारं डिझेल इंजिन आजारी असतं. डिझेल नीट जळत नाही, धूर पांढरट येतो, ॲव्हरेज पडतं, आणि इंजिनात जमलेली वाफ ऑइलमध्येच राहते. या गाडीच्या ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढुरकी, लोण्यासारखी मळी जमली होती. ती पाहून कुणी हेड गास्केटही (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी, ती फुटली की पाणी ऑइलमध्ये मिसळतं) उघडायला लावलं असतं. पण कूलंटची पातळी घटत नव्हती आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ काळं होतं. मळी फक्त थंड इंजिनामुळे होती. नंतर इंजिन नीट तापायला लागल्यावर ती आपोआप गेली.

आकड्यांचा अर्थ सरळ आहे. आत जाणारी होस ५० म्हणजे इंजिनच थंड. आत ५० आणि बाहेर २४ म्हणजे कॉइलमधून पाणी रांगत रांगत चाललंय. निरोगी गाडीत ब्लोअर मधल्या वेगावर असताना या दोन होसमध्ये १० ते १५ अंशांचा फरक असतो. इथे तो २६ होता, तोही पाणी कोमट असताना. दोन्ही होस हाताला चटका लागेल इतक्या गरम असत्या आणि तरी हवा थंड आली असती, तर इंजिनाकडे पाहायचीही गरज नव्हती. दोष डॅशबोर्डच्या आतल्या, हवा वळवणाऱ्या झडपेचा ठरला असता.

रिकामं हाउसिंग

वरची होस इंजिनाला जिथे मिळते तिथलं थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या वॉल्व्हचं, हाउसिंग उघडलं. आधी रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून तीनेक लिटर पाणी बादलीत काढलं, मग बाराच्या पान्याने दोन बोल्ट सोडले. झाकण सहज निघालं नाही. गास्केटच्या जागी लाल सिलिकॉनचा जाड थर होता, त्याच्या आतल्या कडेला शेवयांसारखे धागे लोंबत होते. थर्मोस्टॅट बसायच्या गोल खाचेत तपकिरी गाळ. थर्मोस्टॅट नव्हताच.

उन्हाळ्यात, बहुधा कसारा घाट चढताना, गाडी कधीतरी तापली असणार. "दादा, वॉल्व्ह काढून टाकतो, परत गरम होणार नाही" हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायवेला ऐकायला मिळतं. रस्त्यात अडकलेली गाडी त्याने खरंच घरी पोचते, त्यामुळे त्या मेकॅनिकला फार दोष देता येत नाही. पण तात्पुरती सोय कायमची झाली, आणि कुणी सांगितलंच नाही की परत बसवायचाय.

थर्मोस्टॅट असताना थंड इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे जातच नाही. इंजिन, बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट) आणि हीटर कॉइल एवढ्यातच ते फिरतं आणि लवकर तापतं. ८२ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅटमधली मेणाची कुपी फुगते, झडप उघडू लागते, मग रेडिएटरचा वाटा सुरू होतो. थर्मोस्टॅट नसला तर पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी चार अंशांच्या वाऱ्यातल्या रेडिएटरमधून जातं. अडीच लिटरचं डिझेल इंजिन हलक्या चालीत इतकी उष्णता तयारच करत नाही की तो रेडिएटर हरेल.

यातली गंमत अशी की थर्मोस्टॅट काढल्याने उन्हाळ्यातला त्रासही धड जात नाही. अशा बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या टोकाला आणखी एक चकती असते. झडप पूर्ण उघडली की ही चकती बायपासचं तोंड बंद करते, म्हणजे सगळं गरम पाणी रेडिएटरकडेच जातं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा, आणि घाटात गरज असताना बरंच गरम पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनातच येतं. थोडक्यात, गाडी हिवाळ्यात थंड आणि मे महिन्यात पुन्हा गरम.

नवा थर्मोस्टॅट घेताना जुना नमुना नव्हता, म्हणून चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढला. फ्लँजचा (बाहेरच्या गोल कडेचा) व्यास, बायपासची चकती आहे की नाही आणि कोरलेलं तापमान, या तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. दुकानदार ७१ अंशांचा "थंड" थर्मोस्टॅट पुढे करतात. तो घेऊ नये, हीटरला ते दहा अंश कमी पडतात. या गाडीला ८२ चा लागतो.

बसवण्यापूर्वी तो पातेल्यात तपासला. पाण्यात दोऱ्याने लटकवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर, मंद आच. ८० पर्यंत पूर्ण बंद, ८२ ला बारीक फट, आणि ९५ च्या सुमारास झडप आठ मिलिमीटर उघडलेली. गॅस बंद केल्यावर ती परत घट्ट मिटली. नव्यातही चिकटलेले निघतात, म्हणून या दहा मिनिटांचा कंटाळा करू नये.

बसवताना स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला आणि फ्लँजवरची छोटी डुगडुगती पिन वर, घड्याळातल्या बाराच्या जागी. त्या पिनेच्या भोकातून भरताना हवा निघून जाते. पिन खाली आली तर थर्मोस्टॅटमागे हवेचा फुगा अडकतो, मेणाच्या कुपीला गरम पाणी लागत नाही आणि झडप उशिरा, धक्क्याने उघडते. हाउसिंगच्या दोन्ही कडा प्लास्टिकच्या पातीने खरवडून साफ केल्या. डिस्मिसने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच गळती सुरू होते. नवं कागदी गास्केट, त्यावर सिलिकॉनचं फक्त बोट फिरवल्याइतकं. एमआठचे बोल्ट आळीपाळीने, साधारण २० न्यूटन मीटरपर्यंत. हात जड असेल तर ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात.

केबल आणि कॉक

फायरवॉलजवळ, आत जाणाऱ्या होसवर हीटरचा कॉक असतो. डॅशबोर्डवरची पट्टी सरकवली की केबल हा कॉक फिरवते. पट्टी पूर्ण गरमवर नेली तेव्हा कॉकचा हात शेवटापासून सेंटिमीटरभर अलीकडेच थांबत होता. कॉक मोडलेला नव्हता. केबलच्या बाहेरच्या नळीची क्लिप ढिली होऊन नळी सरकली होती. पट्टी पूर्ण गरमवर ठेवली, कॉकचा हात हाताने शेवटपर्यंत उघडून धरला आणि त्याच स्थितीत क्लिप पक्की केली. दहा मिनिटांचं, बिनखर्चाचं काम, आणि बहुतेक वेळा तेच कुणी पाहत नाही. आपल्याकडे हा कॉक वर्षातले अकरा महिने बंद असतो, म्हणून तो जाम होतो. जाम कॉक पकडीने जोर लावून फिरवू नये, प्लास्टिकचा असेल तर दांडा तुटून पाणी थेट एक्झॉस्टवर पडतं.

एवढ्यावर पाणी भरून पुन्हा तीच फेरी मारली. आत जाणारी होस ८४, बाहेर येणारी ४१, हवा २९. काटा मध्याच्या किंचित खाली, अनेक वर्षांत पहिल्यांदा. फरक जाणवत होता, पण दोन होसमधली दरी उलट वाढून ४३ झाली होती. पाणी आता गरम होतं, कॉइल मात्र ते घेत नव्हती.

कॉइल धुणं

कॉइलच्या नळ्या बारीक असतात, त्यामुळे यंत्रणेतला सगळा कचरा शेवटी तिथेच येऊन बसतो. या गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टॉपअप केलेलं. त्या पाण्यातला क्षार, लोखंडी ब्लॉकचा गंज, लाल सिलिकॉनचे धागे. आणि हळद. रेडिएटर रस्त्यात गळला की त्यात मूठभर हळद टाकायची ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. हळद फुगते, भोक बुजतं, गाडी मुक्कामी पोचते. पण रेडिएटरचं भोक कुठलं आणि कॉइलची नळी कुठली हे हळदीला कळत नाही. डब्यात मिळणारी गळतीरोधक पावडरही यापेक्षा फार वेगळी वागत नाही.

फायरवॉलजवळच्या दोन्ही होस काढल्या. जुनी होस पाइपावर चिकटलेली असते, ती पिळून ओढली तर कॉइलचा पातळ पाइप वाकतो किंवा आत डॅशबोर्डमध्ये सांध्याला तडा जातो, आणि मग खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून होसला ब्लेडने लांबीत चीर देऊन ती केळ्याच्या सालीसारखी सोलून काढली. नवी १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची हीटर होस मीटरभर आणि चार क्लिपा आधीच आणून ठेवल्या होत्या.

पहिली धुणी उलटी. बाहेर येणाऱ्या पाइपाला बागेचा नळ जोडला, आत जाणाऱ्या पाइपाची नळी बादलीत सोडली. गाळ ज्या दिशेने येऊन रुतला त्याच्या उलट ढकलायचा. नळ हळूहळू उघडायचा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावायचा मोह होतो, पण ही कॉइल एक-दीड बारच्या आसपासच्या दाबासाठीच असते, सहा-सात बार हवेने ती फाटते. पहिल्या बादलीत चहाच्या रंगाचं पाणी आलं, तळाशी पिवळसर लगदा, गाळणीत चार-पाच लाल रबरी तुकडे. कॉइलमधून सुरुवातीला लिटरभर पाणी यायला सव्वा मिनिट लागत होतं.

उलटसुलट तीन धुण्यांनंतर प्रवाह वाढला पण पुरेसा नाही. क्षार नुसत्या पाण्याने निघत नाही. मग सायट्रिक ॲसिड, वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम. पाणी ६० अंशांच्या आसपास असावं. दोन्ही पाइपांना हातभर होस लावून तोंडं वर बांधली, नरसाळ्याने द्रावण भरलं आणि २५ मिनिटं ठेवलं. बुडबुडे येतात, फेस वर चढतो, म्हणून होस उंच बांधायची. ओतून पुन्हा ताजं द्रावण, पुन्हा २५ मिनिटं. मग भरपूर पाणी, त्यानंतर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून आम्ल मारलं, आणि परत स्वच्छ पाणी. संडास साफ करायचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा यात कधीच घालू नये. कॉइल ॲल्युमिनियमची असली तर ती अर्ध्या तासात चाळणी होते. शेवटी लिटरभर पाणी दहा सेकंदांत निघायला लागलं.

याची एक जोखीम आधीच समजून घ्यावी. कॉइल आतून कुजलेली असेल तर तो क्षारच तिला धरून ठेवत असतो, आणि धुतल्यावर ती गळू लागते. लक्षणं लपत नाहीत: गाडीत गोडसर वास, पायाखालची मॅट ओली, काचेवर पुसली तरी न जाणारा तेलकट ओलावा. तसं झालं की कॉइल बदलण्याला पर्याय नाही. ही कॉइल टिकली.

धुण्यानंतर: आत ८४, बाहेर ६९, हवा ४७.

ज्या कारणाने थर्मोस्टॅट काढला होता ते कारण

इथे बरेच जण थांबतात, आणि पहिल्याच घाटात गाडी उकळली की थर्मोस्टॅट पुन्हा काढतात. कुणीतरी तो काढला याचा अर्थ गाडी कधीतरी तापत होती, आणि ते कारण कुणीही दूर केलेलं नव्हतं. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर आडवा-उभा फिरवला. वर ७८, मध्ये ६०, आणि खालच्या तिसऱ्या भागात एका कोपऱ्यात थेट २२. त्या भागातून पाणी जातच नव्हतं. रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, म्हणून रेडिएटरवाल्याकडे टाक्या उघडून नळ्यांत पट्टी घालून साफ करून घेता आला. ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा असता तर नवाच घेणं शहाणपणाचं. पंख्याची व्हिस्कस कपलिंग (तापल्यावर पंख्याला घट्ट पकडणारा जोड) हाताने फिरवून पाहिली, गरम इंजिनावर जड फिरत होती, थंड असताना मोकळी, म्हणजे ठीक. वॉटर पंपाचा दांडा ढिला नव्हता.

रेडिएटरचं झाकण मात्र बदललं. त्यावर ०.९ बार कोरलेलं होतं, पण रबर कडक होऊन चिरलं होतं. निफाडला हे कळत नाही. काझा साधारण ३,७०० मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यात पाणी ८८ अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर ८२ ला उघडणारा थर्मोस्टॅट आणि ८८ ला उकळणारं पाणी, मध्ये उरतात सहा अंश. चांगलं ०.९ बारचं झाकण त्याच उंचीवर साध्या पाण्याचासुद्धा उत्कलनबिंदू ११० च्या वर नेऊन ठेवतं.

कूलंट

काढलेल्या पाण्याचा रंग हिरवा होता. रंगाला काही अर्थ नसतो. कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला तर गोठणबिंदू उणे ४ निघाला. काझ्याच्या पहिल्याच रात्री ते गोठलं असतं. पाणी गोठताना फुगतं, ब्लॉकच्या कडेचे वेल्श प्लग (भोकांत ठोकलेल्या धातूच्या टोप्या) बाहेर येतात, आणि नशीब फुटकं असेल तर ब्लॉकच फुटतो. दुकानात "तयार" म्हणून मिळणाऱ्या डब्यांत ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) किती ते लिहिलेलं नसेल तर तो डबा थंड प्रदेशासाठी घेऊ नये. डब्यावर जेआयएस के २२३४ हे जपानी मानक आणि कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, हा शब्द पाहावा.

पाणी आणि इथिलिन ग्लायकॉल निम्मेनिम म्हणजे गोठणबिंदू साधारण उणे ३७. एक भाग ग्लायकॉल आणि दोन भाग पाणी असेल तर उणे अठराच्या आसपास. जास्त घातलं की जास्त चांगलं असं मात्र नाही. नुसतं ग्लायकॉल उणे १३ लाच घट्ट होतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहतं, म्हणजे हीटर उलट मंद होतो.

या यंत्रणेची क्षमता नऊ लिटर. रेडिएटरचा कॉक उघडला तरी ब्लॉकमध्ये अडीच-तीन लिटर पाणी राहतंच, ते कुणी हिशेबात धरत नाही आणि तयार मिश्रण ओतून निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा करून बसतात. म्हणून आधी साडेचार लिटर कॉन्सन्ट्रेट ओतलं आणि मगच उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरली. दोन दिवस गाडी चालवून मिसळल्यावर रिफ्रॅक्टोमीटर उणे ३५ दाखवत होता. जुनं पाणी गटारात किंवा अंगणात ओतू नये. ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं.

हवा काढणं हा कंटाळवाणा पण निर्णायक भाग. कॉइल उंचावर असते, हवेचा फुगा तिथेच जाऊन बसतो. गाडीचं नाक चढाला लावलं, हीटर पूर्ण गरम, रेडिएटरचं झाकण उघडं, ब्लोअर बंद. हळूहळू भरत, वरची होस हाताने दाबत-सोडत, इंजिन १,५०० आरपीएमवर. दहा-बारा मिनिटांनी वरची होस एकदम गरम झाली, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली गेली, पुन्हा भरलं, झाकण लावलं. रात्रभर थंड होऊ दिलं, सकाळी आणखी पाऊण लिटर मावलं. डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज येत राहिला तर हवा अजून आहे. तासाभरानंतरही झाकणाशी बुडबुडे थांबत नसतील तर ती अडकलेली हवा नाही, हेड गास्केटमधून येणारा गॅस आहे.

हवेची वाट

शेवटचे आठ अंश डॅशबोर्डच्या आतून मिळाले. वायपरखालच्या जाळीतून पिंपळाची पानं आत गेली होती, ब्लोअरवर उंदराने कापसाचं घर केलेलं. ब्लोअर काढायला पायाजवळचे तीन स्क्रू. मोटारच्या तारेवर १२.९ व्होल्ट मिळत होते, ते ठीक. साडेअकराच्या खाली असते तर रिले आणि अर्थिंगची तार पाहावी लागली असती. बाहेरची हवा बंद करणाऱ्या झडपेचा स्पंज पिठासारखा झडला होता, त्यामुळे पट्टी आतल्या हवेवर असतानाही बर्फाळ वारा बाजूने शिरत होता. तीन मिलिमीटरचा चिकट फोम कापून लावला. हवा ५५ अंशांवर आली. बाहेर ५, दोन होसमध्ये फरक १४.

परीक्षा दोन्ही टोकांना घेतली. पाच माणसं आणि सामान घेऊन दुपारी कसारा घाट चढवला, काटा मध्यावरून हलला नाही. आणि पहाटे थंड इंजिन सुरू करून किती वेळात उबदार हवा येते ते पाहिलं: हळू चालवत सात मिनिटं. उभ्या गाडीत नुसतं इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं लागली, कारण डिझेल रिकाम्या चालीत फार कमी उष्णता सोडतं. पहिली चार-पाच मिनिटं ब्लोअर बंदच ठेवावा. मग थोडा वेळ आतली हवा, आणि काच धुरकट व्हायला लागली की बाहेरची.

हिमाचलात ट्रकवाले रेडिएटरसमोर गोणपाट किंवा पुठ्ठा बांधतात. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर त्याची गरज क्वचितच पडते. उणे पंधराच्या खाली उतारावर काटा पडायला लागलाच तर अर्धी जाळी झाकावी, पूर्ण कधीच नाही, आणि चढ लागण्याआधी काढावी. हीटर चालू ठेवून बंद गाडीत झोपणं मात्र सक्त टाळावं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो.

पहिल्या सहाशे किलोमीटरनंतर कूलंटच्या टाकीतली पातळी बोटभर उतरली. कॉकच्या बाजूची नवी क्लिप रबर बसल्यावर ढिली झाली होती, तिच्याखाली हिरवा पांढुरका क्षार जमला होता. चारही क्लिपा इंजिन थंड असताना अर्धा आटा आवळल्या, पातळी खुणेपर्यंत भरली. पुढच्या हजार किलोमीटरला ती तिथेच होती.